चार बोटं आखूड

बाबा गेल्यावर त्यांची सॅक पहिल्यांदाच घराबाहेर निघाली होती. ती घेऊन मी बॅगदुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढच्या वयस्कर जोडप्याचीही तशीच होती, कॅनव्हासची, चामड्याच्या पट्ट्यांची.

“अहो, रिकामीच तीन किलो भरते ही.”

“पण दिसते कशी बघ.”

“डोंगरावर बघायला कोण येतंय? भिजली की आणखी जड.”

“मेण लावलं की भिजत नाही. दरवर्षी लावतो.”

“माझ्या गुडघ्यांना कधी तेल लावलं नाहीत इतक्या मायेनं.”

“काका, पट्टा बदलू का?” दुकानदाराने विचारलं.

“नको. माझ्या खांद्याच्या वळणाचा झालाय तो.”

“खांद्याचं नाव काढू नका. ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले? ओझं उचलायचं नाही.”

“म्हणजे डोंगर संपले माझे.”

“असं कोण म्हणालं? दादा, पट्टा चार बोटं आखूड करा. सॅक मी घेणार.”

“तू? मग मी काय घेऊ?”

“तुम्ही फक्त पुढे चाला. माझ्या चालण्याला नावं न ठेवता.”

पट्टा आखूड झाला. काकूंनी सॅक पाठीवर चढवली.

“बक्कल लागत नाहीये हो.”

“थांब, हलू नकोस. ते माझंच ऐकतं.”