यादोरावच्या कुलपाचं गाणं

नाही, तुम्हीच सांगा, आपलंच गाणं आपल्याले ओळखू येऊ नये, हे काय झालं? अन् तेही पहिल्या रांगेत, सोफ्यावर, गळ्यात हार, बाजूले बायको... तुम्हाले सांगतो, आमच्या करडीच्या यादोरावसारखी वेळ कोणावर येऊ नये.

यादोराव म्हणजे खडी गंमतचा शाहीर. आता गुडघ्यानं धरलं म्हणून सोडलं, पण आधी दिवाळी झाली की गावोगावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, अन् मंडईत यादोरावची गंमत ठरलेली, हातात डफ, मागं ढोलकी, पुढं लुगडं नेसून नाचणारा तुलाराम, अन् लोकं हसून-हसून लोळत. आता हा माणूस धानाच्या बांधीवर बसून बगळे पाहून राहिला, अन् एक दिवस दारात गाडी थांबते. कोण? तं साकोलीचा सचिन, नागपुरात रॉक बँड चालवते, संगं गाणारी हर्षा, केस एका बाजूनं कापलेले अन् एका बाजूनं तसेच सोडलेले. सचिनले मामाच्या घरी यादोरावची जुनी कॅसेट भेटली म्हणे.

"बाबाजी, तुमच्या गाण्यांचा ट्रिब्यूट अल्बम करतो आम्ही."

"म्हणजे काय करता?"

"तुमचीच गाणी, पण आमच्या स्टाइलनं. तुम्हाले माहीत नाही बाबाजी, हे ब्लूज हाये. तिकडे अमेरिकेत काळे मजूर कापसाच्या वावरात गायचे ना, दुःखाचं, तेच."

यादोरावनं विचार केला. "आमच्याकडे तं धान होते."

"चालते बाबाजी."

यादोराव म्हणे, बरं.

आता खरी भानगड ऐका. निर्मलाबाईनं, म्हणजे यादोरावच्या बायकोनं, जन्मात नवऱ्याची गंमत ऐकली नव्हती. त्या काळी घरची बाई गंमत पाहाले जाये कुठं? अन् वरून राग, काहून का धान कापाले आलं की हे बुवा डफ घेऊन गायब. एका वर्षी तिनं एकटीनं कापणी उरकली, घराले कुलूप ठोकलं, अन् गेली माहेरी. यादोराव मंडई करून येते, पाहते तं दाराले कुलूप. ओट्यावर बसून राहिला. तिथंच गाणं जुळलं, 'दाराचं कुलूप मले विचारते, किल्ली कोणी नेली'. अन् पुढच्या मंडईत तेच गाणं, तुलाराम कमरेले किल्ल्यांचा जुडगा वाजवून राहिला, यादोराव दारुड्यावानी झुलून राहिला, लोकं शिट्ट्या मारून राहिले. सारा जिल्हा त्या गाण्यावर हसला, अन् जिच्यावर होतं तिलेच पत्ता नाही. सांगणार कोण? यादोराव?

तं साकोलीत अल्बमचा कार्यक्रम ठरला, अन् निर्मलाबाई म्हणते, "मलेही घेऊन चला." झालं. दोघांले माह्याच गाडीत घेऊन गेलो. हॉलवर पोचल्याबरोबर यादोरावनं सचिनले कोपऱ्यात घेतलं.

"ते कुलपाचं वगळता येते का?"

"बाबाजी, अल्बमचं नावच कुलूप हाये."

यादोराव म्हणे, बरं.

मंग सुरू झालं. गिटार असं किंचाळलं का निर्मलाबाईनं पदर कानाले लावला. ड्रमवर त्यांच्या बँडचा मोनू, तो तं काय बदडून राहिला होता, कोणाचा राग होता काय माहीत. दोन गाणे झाले, यादोरावनं मनापासून टाळ्या वाजवल्या अन् माह्या कानात विचारते, "चांगलं हाये. कोणाचं हाये?" मी म्हटलं, दादा, तुमचंच. तं म्हणते, बरं.

अन् मंग हर्षा एकटी समोर आली. एक ओळ म्हटली अन् थांबली. गिटार एकटंच रडून राहिलं, हळू, गावात कोणी दूर रडते तसं. मंग दुसरी ओळ. दाराचं कुलूप... यादोरावनं मान वर केली. जिथं लोकं हसत, ती जागा त्याले पाठ होती, तिथं तो हसण्याची वाट पाहत बसला. कोणी हसलं नाही. एवढा मोठा हॉल, पण कोणी हसलं नाही. तुलारामचा जुडगा नाही, शिट्टी नाही, अन् तुम्हाले सांगतो, त्या चुपचापीत यादोराव परत त्या ओट्यावर जाऊन बसला, त्या वर्षी बसला होता तसाच, बंद दाराकडं पाहत.

निर्मलाबाई समोरच पाहून राहिली होती. गाणं संपलं तवा बोलली.

"हे त्या वर्षीचं का?"

"हो."

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

"तवा तं तू माहेरी होती."

"आल्यावर?"

"आल्यावर खळ्यात धान चुराचं होतं."

बाईनं पदरानं डोळे पुसले, अन् यादोरावच्या गळ्यातला हार वाकडा झाला होता, तो सरळ करून दिला. बस. येताना गाडीत दोघं एकमेकांले टेकून बसले होते, मी आरशात पाहिलं.

आता तुम्ही म्हणसान, झालं, गोड झालं. थांबा. सून तृप्तीनं सासूच्या मोबाइलमध्ये ते गाणं टाकून देल्लं, आता स्वयंपाक करता कुलूप, भांडे घासता कुलूप. यादोरावले वाटलं, एवढं आवडलं तं आपणच म्हणून दाखवावं, आपण कुठं कधी हिच्यासमोर गायलो? सकाळी डफ काढला, विस्तवावर शेकला, अंगणात बसला, अन् डोळे मिटून पूर्ण गाणं म्हटलं, बायकोसाठी, पहिल्यांदा. निर्मलाबाई तांदूळ निवडत पूर्ण ऐकत होती. संपल्यावर म्हणते कशी,

"चुकते तुमचं. तिथं ती पोट्टी थांबते."

तं आता आमचा यादोराव रोज सकाळी सुनेचे ते इअरफोन कानात खुपसून बांधीवर बसते, अन् थांबाचं शिकते.