दिगंबरी दहा टक्के

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक माननीय हिंदुराव, व्यासपीठावरील सत्कारमूर्ती दिगंबरराव, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौ. आनंदीवहिनी, आणि बटाटेवड्याच्या वासाने आतापासूनच मागे वळून पाहणारे माझे सहकारी बंधुभगिनी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सभागृह शनिवार पेठेतलं आहे. सहाव्या मिनिटाला व्यवस्थापक पंखे बंद करतात, हे आपण जाणताच.

दिगंबररावांनी एकतीस वर्षं आपली अंदाजपत्रकं केली. अमुक इमारतीला विटा किती, वाळू किती, सळई किती, सिमेंट किती. यात विशेष ते काय? विशेष हे, की नकाशात खिडकी चार इंच सरकली तरी त्यांचा कागद त्याच दिवशी बदलायचा. जुन्यावर तांबडी काट, नव्यावर तारीख, आणि बदल ज्याने सांगितला त्याची सही. मी एकदा म्हणालो, "अहो, चार इंचांनी काय बिघडतं?" ते म्हणाले, "काही नाही. उरलेल्या विटा आपण घरी न्या."

तरुण मंडळींना 'दिगंबरी' हा शब्द माहीत आहेच. अंदाजपत्रकातल्या आकड्यावर दहा टक्के माल जादा मागवायचा, त्याला आपल्याकडे दिगंबरी म्हणतात. गेल्या वर्षी एका नव्या इंजिनिअरने मला विचारलं, "सर, दिगंबरी बांधकामाच्या कुठल्या कोडमध्ये दिलीय?" सगळे हसले. शेजारच्या टेबलाशी दिगंबरराव होते. ते हसले नाहीत.

हा शब्द आला कुठून? ते मीच सांगायला हवं.

साल १९७८. कोथरूडला तुळजाबाईंचा बंगला चालला होता आणि मी तिथे सुपरवायझर होतो. सिमेंट परमिटवर मिळायचं, पोतं न् पोतं मोजून. एके दिवशी बाई म्हणाल्या, "सायेब, वाळवण घालायला जागाच न्हाई. ह्या अंगाला चार फूट सज्जा काढा की." आर्किटेक्ट हो म्हणाले. मी सेंटरिंगवाल्यांना सांगितलं, बदल चिठ्ठीवर लिहिला आणि ती दिगंबररावांना द्यायला खिशात ठेवली. तिथेच राहिली. स्लॅबच्या दिवशी नऊ पोती कमी पडली. साऱ्या कोथरुडात उसनं सिमेंट मिळेना. सज्जा दोन आठवड्यांनी जोडला, पावसाळ्यात सांधा गळला, आणि बाईंनी कंपनीचा उद्धार केला. "एवढी शिकलेली मान्सं, आन् पोती मोजता येईनात व्हय?"

हिंदुराव, स्लॅब अडला त्या दिवशी आपण मला विचारलंत, "यज्ञेश्वर, चूक कुणाची?" मी म्हणालो, "साहेब, अंदाज कमी आला." वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्या वर्षी दिगंबररावांची बढती थांबली. माझी झाली. आणि त्यांच्या प्रत्येक आकड्यावर दहा टक्के चढवायची पद्धत पडली, ती आज एकोणीस वर्षं चालू आहे.

ते कधी काही बोलले नाहीत. मी समजत होतो, त्यांना ठाऊकच नाही.

गेल्या महिन्यात त्यांचं दप्तर हेमाताईंकडे सोपवलं. आता ते काम त्या बघणार. त्या म्हणाल्या, "सर, सगळ्या फाइली पूर्ण आहेत, एकच उघडी आहे." तुळजाबाईंची. शेवटच्या पानावर सज्ज्याच्या मापांसकट, नऊ पोती वाढवलेलं नवं अंदाजपत्रक होतं. तारीख स्लॅबच्या दुसऱ्या दिवसाची. सहीची जागा कोरी. खाली त्यांच्या अक्षरात, "बदलाची चिठ्ठी यज्ञेश्वर यांच्याकडून येणे." सही नाही म्हणून तो कागद त्यांनी कुणाला दाखवलाच नाही.

मला फार लाज वाटली. असल्या ठिकाणी हे बोलायचं नसतं, पण वाटली.

ती मूळ चिठ्ठी मी तेव्हाच फाडली होती. आज सकाळी दुसरी लिहिली. वाचतो. "सज्जा चार फूट काढण्यास मी सांगितले. दिगंबरराव यांना कळवले नाही. अंदाज बरोबर होता." खाली माझी सही आहे आणि आजची तारीख.

अध्यक्षमहाराज, उद्यापासून हेमाताईंच्या आकड्यावर कुणी काही चढवू नये, एवढी विनंती. बोलू दिलंत, आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन तर सभेने पोटात घालावं. दिगंबरराव, आपण मात्र एकोणीस वर्षं घातलंत, तेवढं पुरे. ही चिठ्ठी घ्या, आणि फाइल बंद करा.