दिवाळीचा सावदा

—अहो अक्का, आधी बसा तर खरं, पंख्याखाली बसा, एवढ्या उन्हात सावद्याहून आलात आणि आल्या आल्या कॉम्प्युटरशी भांडताय. त्याला कान नाहीत, मला आहेत. कळलं मला — तुमच्या जीवरामचा धरणगावला साखरपुडा झाला, तरी आमच्या वधू-वर मंडळातून घरी स्थळं येतायत, परवा तर धुळ्याचे पाहुणे थेट दारात. आणि धरणगावचे व्याही म्हणतात, मुलाचं नाव अजून मंडळात आहे म्हणजे तुमच्या मनात काय आहे, उद्यापर्यंत सांगा, नाहीतर मोडलं. उगाच नाही तुम्ही पाणीसुद्धा नको म्हणताय.

सांगते ना. कॉम्प्युटरमधल्या यादीची नक्कल फ्लॉपीवर काढून ठेवावी लागते, पण समाजाची एवढी मुलंमुली, एका फ्लॉपीत मावतात का — नाही मावत. म्हणून मी गावागावाची वेगळी फ्लॉपी ठेवते, सावद्याची वेगळी, नशिराबादची वेगळी, धरणगावची वेगळी. मागच्या महिन्यात लाईट गेली-आली, गेली-आली, आणि कॉम्प्युटरमधला नेमका सावदाच खराब झाला. बाकी गावं ठणठणीत. मग बठ्ठा, अख्खा जिल्हा कशाला हलवायचा — दिवाळीत करून ठेवलेली सावद्याची फ्लॉपी घातली, सावदा परत आला. पण कोणता सावदा? दिवाळीचा. त्यानंतर ज्यांची लग्नं झाली ते सगळे पुन्हा कुंवारे. हसू नका — नाही, हसा, बरं वाटलं. तो भटू, तुमच्या गल्लीतला — त्याला बघायला पाहुणे गेले, दार उघडलं त्याच्या बायकोनं, चहाही तिनंच केला म्हणे.

नाही हो, दुरुस्ती केली ना. दुसऱ्याच दिवशी बसून एकेकाचं लग्न पुन्हा लावलं मी, भटजीसुद्धा थकला असता... मग जीवरामचंच कसं राहिलं? राहिलं असेल. एवढ्या नावांत एखादं — हो, ठरल्याचं तो स्वतःच सांगायला आला होता, त्या स्टुलावर बसला होता, नाही कुठं म्हणते. नेहमी तिथंच बसायचा. जन्मतारीख दुरुस्त करायला आला, मग उंची दुरुस्त करायला आला — वाढते का हो उंची या वयात? — येताना घरची केळी आणायचा, आणि मी एक खाईपर्यंत हलायचा नाही. मला वाटलं... काही नाही वाटलं. अक्का, अशा बघू नका माझ्याकडे. त्याच्या नावापुढे पुन्हा अविवाहित दिसलं आणि मला फार बरं वाटलं, हात पुढं गेलाच नाही. चार दिवस राहू दे म्हटलं. धरणगावपर्यंत जाईल हे डोक्यातच आलं नाही.

रडत नाहीये, पंख्याचं वारं लागतं डोळ्यांना. हे बघा, तुमच्यासमोर लिहिते — जीवराम, विवाह ठरला. आता याची फ्लॉपी करायची. नवी नको, त्या दिवाळीच्याच फ्लॉपीवर घेते, म्हणजे जुनं पुसलं जाईल आणि पुढं कधी बिघडलंच, तरी तो ठरलेलाच परत येईल. विचारतोय बघा — जुनं पुसू का. अक्का, हे बटण तुम्ही दाबता?... बरं. राहू द्या. मीच दाबते.

...

निघा आता, तुमची गाडी चुकेल.