कोपऱ्यातला फोटो

— न्हाई मावशी, रवीचा फोटो यापेक्षा मोठा न्हाई करता येत. तुमचा लेक गेला, मला काय दुःख न्हाई का? पन हे बघा स्क्रीनवर – वर आपले पुढारी अजिनाथभाऊ, खाली सरपंच, मग मंडळाची पोरं, आन् हितं कोपऱ्यात रवी. दिसतोय की! जरा जवळ येऊन बघा. श्रद्धांजलीच्या बोर्डावर गेलेला मानूस मधी असतो, खरंय – पन तो तसा कुनीतरी असावा लागतो ना. बोर्ड भाऊंच्या वतीनं हाय. फ्लेक्सला बी माप असतंय, ज्याचा जेवढा मान तेवढं त्याचं तोंड. तुमच्या रवीनंच शिकवलं मला हे, हितं कामाला लागला तवा. म्हनायचा, वहिनी, भाऊंचं तोंड बोटभर लहान झालं तरी तिसगावात राडा व्हईल. लई हुशार पोरगं. आन् हा कसला फोटो आनलाय – जत्रंतला? ह्यात त्याच्या खांद्यावर तुमचा हात हाय. तो कापावा लागंल.

रडू नका बरं, गिऱ्हाइकं येत्यात. आन् सारखं ते खांबाचं काय काढता? पोलिसांना बी मी तेच सांगितलं – तो आपल्या मनानं चढला. भाऊंच्या वाढदिवसाचा बोर्ड केवढा, त्याला बारका सांगाडा शोभंल का? म्हनून लोखंडी पाईप जोडून उंच केला – लागला विजेच्या तारंला, कुनी काय करनार? मी त्याला म्हनलं बी हुतं, जरा वाकून चढ. तोच आपला धोशा लावून बसला – वहिनी, वर तार हाय, बोर्ड थोडा कमी करू. कमी कसा करू? बोर्ड कमी केला की भाऊंचं तोंड कमी व्हतंय –

अशा काय बघताय? म्हंजे – मला न्हाई म्हनला तसं. वायरमनला म्हनला असंल. मी तर दुकानात हुते.

आवं, फोटो कुठं घेऊन चालला? मावशी! ... बरं, न्ह्या. त्या कोपऱ्यात झेंडूची फुलं टाकते मी. जागा बारकीच हाय, कुनाच्या ध्यानात बी यायचं न्हाई. जाताना दार लोटा तेवढं, धूळ येती.