टाळांची जागा

कीर्तनाहून परतताना रायपूरच्या बसस्टँडवर बसलो होतो. बाजूच्या बाकावर एक मुलगी, आपल्या ग्रुपसोबत ट्रेकला निघालेल्या काकांची पाठपिशवी उपसत होती.

“काका, चादर, लोटा, लाडवाचा डबा! जंगल में अपना बैग खुद उठाना है.”

“चादर काढ. लाडू राहू दे, तुह्या मित्रांलेच होतील.”

“अन् कागद, साली, सगळा कचरा परत आणायचा.”

“हव.”

“तिथं शोर नाही करायचा. गाणी नाही, स्पीकर नाही.”

“माह्याजवळ कुठं स्पीकर?”

“मग हे काय वाजलं?”

“टाळ आहेत, यामिनी. भजनाबिगर मी सकाळी चहा घेतो काय?”

“ग्रुपवाले मुझे डाँटेंगे. टाळ न्यायचे असतील तर ऑटो करा अन् चौबे कॉलोनीत परत जा.”

“काहून रागावून राहिली? हे घ्या हो माउली, तुमच्याजवळ असू द्या. मी मनातल्या मनात म्हणीन.”

टाळ माझ्या मांडीवर आले.

“यामिनी, तिथं अस्वलं आहेत म्हणे?”

“आहेत. म्हणून दाट झाडीत आवाज करत चालायचं. बोलायचं, टाळ्या वाजवायच्या. आवाज ऐकला की अस्वल आपणच दूर जाते.”

“नुसत्या टाळ्यांनी?”

यामिनी माझ्या मांडीवरच्या टाळांकडे बघू लागली.

“नाही, विचारून राहिलो.”

“भैया, वो टाळ वापस दीजिए ना.”

“अन् तुह्या ग्रुपवाल्यांनी विचारलं तर?”

“सांगू, सेफ्टी का सामान है.”

“तेच तर मी तुम्हांले जन्मभर सांगून राहिलो!”