शेंगा ठेवून गेली तिला निरोप

त्या दिवशी घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे पुढं घोळ व्हायचा नाय. मी व्हते, शेवंता. आमचे हे व्हते. माजी सासू व्हती. माजी जाव कमळ व्हती, तिची दोन पोरं व्हती. गावची सुईण ठमाआजी व्हती, तिला कायपण काम नव्हतं, पण सुईण नाय तर पाचवी कसली म्हणून सासूनं तिला बोलवून बसवली. आन मधोमध पाटावर बसली व्हती ती, अडीच वर्षांची, हातात खोबऱ्याचा तुकडा, आमची दिपाली. दिपाली हे तिचं खरं नाव नाय. तिनंच सांगितलंय, आये, सांगायचं ते सांग पण माजं नाव टाकू नको. तर दिपाली म्हणू.

पाचवी चालली व्हती तिची. आता पाचवी कवा असते, बाळ पाच दिवसांचं झालं की. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आन पेन ठेवायचं, सटवाई येते आन बाळाच्या नशिबात काय ते लिवून जाते. आन ही तर दारातनं चालत आली व्हती, पायात चपला घालून. कमळ म्हणाली, आज पाचवी, उद्या बारसं, परवा लगीन, एका आठवड्यात उरकून टाका पोरीचं. सासू म्हणाली, तू गप गं, माज्या घरात पोर आली की पाचवी व्हते, मंग ती चालत येवो नायतर टेंपोत बसून येवो. सगळ्या हसल्या. त्यात हिनं काय केलं, पाटावरचं पेन उचललं आन त्या कोऱ्या कागदावर गोल गोल गिरगटून ठेवलं. ठमाआजी म्हणाली, अगं बया, सटवाई यायच्या आधी हिनंच लिवलं. सासू म्हणाली, लिवू दे, तिला काय पायजे ते तिलाच ठावं.

माजी सासू तशी कडक बाई. बारा वर्षं तिनं मला काय काय ऐकवलं ते आता काढत नाय, ती गेली बिचारी. पण त्या दिवशी तिनं मला आई केली, हे खरं.

मी मूळची लोधिवलीची, चौक गावाच्या जवळ, खालापूर तालुक्यातली. दुसरीपर्यंत शाळेत गेले, मंग धाकटी भावंडं सांभाळायला घरी ऱ्हायले. अक्षरं सगळी गेली, सही तेवढी येते. लगीन होऊन नेरळच्या बाजूला पोशीरला आले. भाताची शेती, हे कंपनीत हेल्पर. बारा वर्षं पोर नाय. डॉक्टर झाले, देव झाले, काय सांगू तुमाला, अंगारा खाऊन खाऊन तोंडाची चव गेली. मंग यांच्या कंपनीतल्या एका सायबानं सांगितलं, संस्थेतनं पोर घेता येते, कायद्यानं. पनवेलच्या पल्याड एक संस्था व्हती. कागद झाले, कोरट झालं, दोन वर्षं चपला झिजवल्या. तिथल्या बाईनं सांगितलं, हिची आई हिला आठ दिवसांची असताना आपणहून आणून देऊन गेली, कागदावर अंगठा लावला, याच्यापलीकडं मला सांगता येत नाय. मी म्हटलं, मला ऐकायचं पण नाय. तवा खरंच नव्हतं ऐकायचं. मला वाटलं ती बाई तिथंच संपली, त्या कागदावर.

दिपाली मला आई नाय म्हणायची. मावशी म्हणायची. संस्थेत सगळ्या बायांना मावशीच म्हणायची ना ती. मावशी भूक, मावशी शी. चार महिने मी मावशीच. हे म्हणाले, तू शिकव तिला. मी म्हटलं, शिकवलेलं नको मला. मंग लावणीच्या दिवसात मी खाचरात वाकलेले, ही बांधावर इरलं पांघरून बसलेली, आन एक बेडूक टुणकन तिच्या मांडीवर. ती किंचाळली, आयेऽऽ. मी तशीच चिखलात उभी ऱ्हायले, हातात रोपाची मूठ. कमळ म्हणाली, अगं जा की, पोर रडते. मी म्हटलं, रडू दे अजून एकदा. आता हसू येतं. पण कमळपण हसली नाय तवा, तिनं डोळे पुसले पदरानं.

शाळेत जायला लागली आन हिचे सवाल चालू झाले. आये, मुंगी झोपते का. आये, कोंबडीला दात का नाय. आये, पालीची शेपटी तुटून नाचते ती कुणाला बघून नाचते. आता मला काय ठावं. मी तवा नेरळला एका किराणा दुकानात धान्य निवडायला जायची. तिथं पुड्या बांधायला रद्दी यायची, त्यात एका पेपरात घुबडाचं चित्र असायचं, चष्मा लावलेलं घुबड, आन खाली चौकोनात चार ओळी. एकदा डाळीची पुडी घरी नेली तर पोरीनं ते वाचलं, फुलपाखरू पायानं चव घेतं. तिनं पाय धुतले आन गुळावर उभी ऱ्हायली, बघू म्हणाली चव लागते का. माज्या हातचा मार खाल्ला, पण दुसऱ्या दिवसापासनं मी रद्दीत घुबड हुडकायला लागले. वाचता नाय येत पण घुबड तर दिसतं. दुकानदार म्हणायचा, शेवंताबाई, तांदूळ निवडता का कागद. मी म्हणायची, दोन्ही, शेठ.

संध्याकाळी चुलीपुढं ती वाचायची आन आमी ऐकायचो. हत्तीला उडी मारता येत नाय. मध वर्षानुवर्षं खराब होत नाय. कसला तो समुद्रात घोडा असतो बारका, त्याच्यात बाप पिल्लं पोटात वागवतो. हे तांब्या शर्टाच्या आत घालून घरभर फिरले, म्हणाले मला लोणचं द्या, डोहाळे लागलेत. सासू म्हणाली, म्हातारपणी हे बघायचं ऱ्हायलं व्हतं. लय हसलो आमी. माज्या जल्मात तेवढं सुख मला कशानं मिळालं नाय. बाहेरचं सगळं जग माज्या घरात कागदाच्या तुकड्यानं यायचं आन ते माजी पोर मला वाचून दाखवायची.

ती दहा वर्षांची असताना मी असाच एक तुकडा आणला. घुबड बघितलं आन आणला, आत काय लिवलंय मला कुठं ठावं. तिनं वाचलं, काही माणसांना जिभेच्या दोन्ही कडा वळवून पन्हळ करता येते, काहींना येत नाय, आन हे आईबापाकडनं पोरांत येतं. तिनं जीभ काढली, पन्हळ झाली. मंग काय, आळीतल्या सगळ्यांना जीभ काढायला लावली. कमळनं काढली, ठमाआजीनं बिनदाताच्या तोंडातनं काढली. मी काढली, चपटी. यांनी काढली, चपटी. ती हसत व्हती तवर हसत व्हती. मंग म्हणाली, आये, मंग मला कुणाकडनं आली.

गावात सगळ्यांना ठावं, तिला तेवढं नव्हतं. आज सांगू उद्या सांगू करत मी आठ वर्षं काढली व्हती. आन तो कागद मीच पदराला बांधून आणला. हे उठून गोठ्याकडं गेले. मी भाकरी तव्यावरनं काढली, तवा उतरवला आन सांगितलं. तुला मी जल्म नाय दिला. दुसऱ्या बाईनं दिला. तिला सांभाळता आलं नाय म्हणून तिनं नीट जागी नेऊन ठेवली, आन आमी तुला मागून आणली. ती म्हणाली, ती कोण. मी म्हटलं, मला ठावं नाय. ती म्हणाली, बरं. आन जेवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, रोजच्यासारख्या.

पण त्यानंतर तिनं घुबड वाचलं नाय. मी आणायची, डब्यात ठेवायची. आये म्हणायची, सगळं करायची, पण सवाल इचारायची बंद झाली. घर कसं मुकं झालं. असे दीडेक महिने गेले आसतील. मंग एक दिवस केस इंचरून घेताना म्हणाली, आये, तिचे केस लांब व्हते का. मी म्हटलं, बाळ, मी बघितली नाय तिला. मंग दुसऱ्या दिवशी, ती एकटीच आली व्हती का. मंग, ती रडली का. आधी मुंगीचं इचारायची तसं आता तिचं इचारायची.

मी कुणाला न सांगता एसटी धरली आन संस्थेत गेले. बाईंनी कागद उघडला नाय, म्हणाल्या, नियम हाय शेवंताताई. त्यांचं बरोबर व्हतं. मी परत फिरले तर मोरीवर भांडी घासणारी म्हातारी म्हणाली, थांब. तिला दिपाली आणून दिली तो दिवस आठवत व्हता. म्हणाली, अंगठा लावून झाल्यावर ती बाई गेली नाय. फाटकाच्या पायरीवर ऊन उतरंस्तवर बसली व्हती. आन जाताना माज्याकडं पिशवी दिली, वालाच्या शेंगा व्हत्या, वल्या. मी म्हटलं, अगं हे कशाला, तर म्हणाली, रिकाम्या हातानं यायला बरं वाटंना.

एसटीत बसून मी रडले ते तेवढंच. त्या बाईच्यावर मी मनातनं आठ वर्षं दगड ठेवला व्हता. आन ती आमच्यातलीच. भात निघालं की वाल टाकणारी, कुणाच्या दारात जायचं तर शेंगा नेणारी. कर्जत-खालापूरकडचीच असणार, दुसरी कोण नेती पोर द्यायला जाताना वालाच्या शेंगा.

घरी येऊन पोरीला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, उद्या शेंगांची भाजी कर. दिवस थंडीचे नव्हते, मी म्हटलं, आता कुठं मिळतील, सुके वाल भिजवते. केले. तिनं खाल्ले, आन मंग तो डबा काढला, सगळी घुबडं एका दमात वाचून दाखवली. मी तिसऱ्या कागदापर्यंत ऐकलं, पुढचं काय ऐकलं नाय, नुसती तिच्याकडं बघत ऱ्हायले.

आता ती बंगळूरला असते, मोठ्या दवाखान्यात रक्त तपासते. हे गेले, सासू गेली, कमळ हाय पण गुडघ्यानं धरलीय. दर रविवारी फोन करते पोर, एक तरी नवल सांगते. मागं म्हणाली, आये, ते जिभेचं खोटं व्हतं गं, तसं काय आईबापाचं नसतं, शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. मी म्हटलं, असू दे, मी सांगितलं ते तर खरं व्हतं. ती म्हणते, तू इकडं ये ऱ्हायला. मी आज जाते उद्या जाते करते. ती नसली की घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू. दुपारी दोनला शाळा सुटायची तिची, अजून त्या वेळेला माजं लक्ष दाराकडं जातं. पण माजा पाय निघत नाय, त्याला कारण ती शेंगांची बाई हाय.

दर थंडीत नेरळच्या बाजारात वालाच्या शेंगा घेऊन बाया बसतात. मी एकेकीकडनं घेते. तोंड बघते. कुठल्या गावच्या, इचारते, पोरंबाळं किती, इचारते. दोन वर्षांमागं एक बसली व्हती, पंचेचाळीसची असंल, उन्हानं रापलेली. मी म्हटलं, पोरं किती गं तुला. म्हणाली, चार. मंग शेंगा तागडीत टाकता टाकता म्हणाली, तीन. मी म्हटलं, चार का तीन. ती म्हणाली, तीनच वो, आजी, तुमी शेंगा घ्या ना. मी पिशवी उघडून धरली. चौथं मेलेलं पण असंल, कुणाच्या घरात नाय असं. शेजारी तिची सून बसली व्हती, तिच्यादेखत काय इचारायचं. मी सगळ्या शेंगा घेतल्या आन आले. पुढच्या बाजाराला ती नव्हती, त्याच्या पुढच्याला पण नव्हती.

फोनवर पोरीला सांगितलं. ती म्हणाली, आये, तिला त्रास देऊ नको, तिचं घर असंल, तिनं कुणाला सांगितलं नसंल. मी म्हटलं, बरं. मंग म्हणाली, कशी दिसत व्हती.

त्या बाईला भेटायचं नाय म्हणते पोर. पण तिला कळू दे म्हणते. म्हणून, ताई, मी तुमाला हे लिवून घ्या म्हटलं. मला त्या बाईकडनं काय नको. माज्या पोरीला तिनं आठ दिवस पाजलं, ते माज्याकडनं झालं नसतं. एकदा माज्या वसरीवर येऊन बसली तर मी चहा करीन, काय इचारणार नाय. पण ती यायची नाय, मला ठावं हाय.

तर जो कोणी हे वाचत असंल त्याला माजं येवढंच सांगणं हाय. मनातल्या मनात वाचू नका. अंगठा लावणारी बाई ती, तिला माज्यासारखंच वाचता येत नसंल. रेशनच्या लाईनीत, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावर, जिथं चार बाया बसल्या असतील तिथं एकदा मोठ्यानं वाचा. कुणी मान वर केली का ते बघू नका, कुणाला काय इचारू नका. नुसतं तिच्या कानावर जाऊ दे, पोर जगली, शिकली, पोटभर जेवते, आन तुज्यावर तिचा राग नाय. माजा पण नाय.