उडणाऱ्या पाववाल्याला दादाचा आवाज

आम्ही मूळचे बिदरकडले, निजामाच्या वेळेला आजोबा हैदराबादेत आले ते परत गेलेच न्हाईत, वडील रेल्वेत लागले, आन् मी आन् माझा थोरला भाऊ दादा, आम्ही काचीगुड्यातच जन्मलो, वाढलो, आन् मी तर बिघडलो बी इथंच. घरात मराठी, गल्लीत दखनी, शेजारी तेलुगू, त्यामुळं मला तिन्ही भाषा येतात आन् तिन्ही भाषांत लोक मला हसतात.

काय सांगू तुम्हाला, व्हिडिओ हॉल काढायचं डोकं माझं, म्हणजे चूक माझीच. एक टीव्ही, एक व्हीसीआर, चार बाकं, आन् ज्याची सायकल वाटेत असंल त्याला ओरडायला एक माईक. दुबईहून आलेल्या एकानं पिशवीभर कॅसेटी दिल्या, म्हणला इंग्लिश पिक्चर हायेत. आता आम्हाला इंग्लिश किती येतं, तर हे इंग्लिश न्हाई एवढं कळण्याइतकं बी येत नव्हतं. पिक्चर लागला, हिरो भराभरा बोलतोय, लोक माझ्याकडं बघतायत, मी आपला छाती काढून सांगतोय की बाबांनो ही एकदम अस्सल लंडनची इंग्लिश हाय, ऐकायला सवय लागती. तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक मास्तर म्हणले, ही इटलीची भाषा हाय, ह्यात इंग्लिशचा एक शब्द न्हाई. झालं, लोक उठायला लागले. तेव्हा दादानं तो सायकलींचा माईक उचलला, टीव्हीचा आवाज बंद केला आन् हिरोच्या तोंडात दखनी घातली. हौ मियाँ, मैं उडतूं, तुम खाली पकडो. लोक परत खाली बसले.

तेव्हापासून हिरो दादा आन् व्हिलन मी. मार खायला घरातलाच माणूस बरा, असं दादा म्हणायचा.

पिक्चर कसला म्हणाल, तर एक बेकरीतला माणूस, त्याच्या मळलेल्या पिठावर वीज पडती, त्यात हा धडपडतो, आन् उठतो ते ताकद घेऊनच. अंगावर काय, तर टेबलावरचं चौकड्याचं फडकं. उडायला लागला की पाठीची दोरी दिसायची, खाली शहर म्हणून पुठ्ठ्याचे खोके, एक खोका तर उलटा लागलेला. थप्पड आधी, आवाज मागनं. व्हिलनला केकात बुडवायचे, पिठात लोळवायचे, पण कुणाला म्हणून रक्त न्हाई आलं कधी. आजकालच्या पिक्चरमधी अख्खं शहर पडतं, मला काय वाटत न्हाई. ते पुठ्ठ्याचं शहर हललं तरी जीव वर यायचा बगा. आपल्यासारख्याच कुणीतरी, घरातलं सामान गोळा करून, हौसेनं केलेलं दिसायचं ते.

आता त्यातली एक बाई होती, अंगानं भरलेली, हिरोला सारखी रागवायची, खायला घालायची. आम्ही ठरवलं, ही त्याची अम्मा. दादानं असं काही अम्मा अम्मा केलं की बाया-माणसांनी पदर डोळ्याला लावला. आन् शेवटाला हिरो उडत येतो, तिला उचलतो, आन् घेतो की चुंबन. अहो, ती त्याची होणारी बायको निघाली. मी उडी मारली आन् मेन स्विच पाडला, माईक बी गेला, मग तोंडानंच ओरडलो, करंट गया. त्यानंतर प्रत्येक खेळाला करंट त्याच जागी जायचा, आन् लोक विजेच्या ऑफिसाला शिव्या द्यायचे.

पुढं केबल आली, हॉल बसला. दादा बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानात लागला, मी इकडं तिकडं. मला कुणी मुलगी दिली न्हाई, त्यात त्यांचं बी बरोबर होतं, तर मी दादा-वहिनींकडंच ऱ्हायलो. दादाचा हिरो काही सुटला न्हाई. दाढी करताना, भाजी निवडताना त्याच आवाजात बोलायचा, वहिनी म्हणायच्या, पुरे की आता, आन् पदराआड हसायच्या.

गेल्या साली दादा गेला.

वहिनींनी बोलणं टाकलं. मग जेवण बी टाकलं. पुण्याहून लेक आली, हातापाया पडली, भरवून बघितलं, घास तसाच गालात. डॉक्टर म्हणले, असंच ऱ्हायलं तर दवाखान्यात ठेवून नळीनं घालावं लागंल. लेकीची नोकरी, तिला जावंच लागलं. जाताना तिनं मोबाईलवर कुठनं तरी तो पिक्चर हुडकून काढला, मला टीव्हीवर लावायला शिकवला, म्हणली, काका, बघा, आईचा जीव रमंल.

दुपारचं ताट वाढून मी पिक्चर लावला. हिरो त्याच्या भाषेत बोलायला लागला, आन् किती दिवसांनी वहिनींचं तोंड उघडलं. म्हणल्या, हे कोण बोलतंय? आन् भिंतीकडं वळल्या. मी आवाज बंद केला. घसा खाकरला. आन् दादाच्या आवाजात म्हणलं, हौ मियाँ, मैं उडतूं. वहिनी वळल्या. ताटातली पोळी तोडली.

मला वाटलं, बघा, जन्मात एक काम तरी धड केलं. रोज दुपारी मी दादा व्हायचो, त्या जेवायच्या. पण हळूहळू काय झालं, मी न शिकलेली वाक्यं तोंडातनं यायला लागली. दुकानात जिरं मागितलं तर दुकानदार चमकून मागं बघायला लागला. खालच्या तेलुगू मावशी जिन्यात थांबवून म्हणल्या, तुमचे अन्ना, म्हणजे दादा, अजून वर हसतात, मी ऐकते, काहीतरी पूजा घाला. मी म्हणलं, अहो तो मीच. त्या म्हणल्या, तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा बी?

व्हिलनची वाक्यं मी कापत चाललो होतो, दोन्ही आवाज एका घशात मावंनात. आन् एके दिवशी वहिनी घास थांबवून, माझ्याकडं बघून म्हणल्या, आज भाऊजी जेवायला न्हाईत का? मी समोर बसलेलो. भाऊजी म्हणजे मीच की. आन् माझ्या तोंडातनं दादाचा आवाज आला, गेलाय कुठंतरी बाहेर.

तसाच उठलो. आरशात जाऊन मी माझं नाव घेतलं, ते बी दादानंच घेतल्यासारखं. सोडावं तर वहिनींचा घास सुटंल, करावं तर मी उरत न्हाई. रात्रभर न्हाई, चांगले कितीतरी दिवस असे काढले.

मग एका दुपारी पिक्चर लावला, तोंड उघडलं, आन् आवाजच फुटंना. ना त्याचा, ना माझा. हिरो मुक्यानं ओठ हलवतोय, वहिनींचा घास हातात थांबलेला, मी घाम पुसतोय. मला वाटलं, संपलं, आता ताट सरकवणार. त्यांनी घास ताटात ठेवला, टीव्हीकडं बघितलं आन् बोलायला लागल्या. हिरोचं. शब्द न् शब्द, दादाच्या चढ-उतारासकट. व्हिडिओ हॉलात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं हो कधी, सगळं घरात ऐकून पाठ. व्हिलनची पाळी आली, मी त्यांच्याच तोंडाकडं बघतोय. तशा माझ्याकडं न बघता म्हणल्या, भाऊजी, त्यांचं मी बोलते, तुम्ही तुमचं बोला.

मी माझं बोललो. गंजलेल्या कडीसारखा आवाज आला, पण माझा.

त्यांना पहिल्यापासनं कळत होतं का, हे मी विचारलेलं न्हाई, विचारणार बी न्हाई. आता रोज दुपारी वहिनी मला मारतात, केकात बुडवतात, मी ओरडतो. तुमच्या घरात कुणाचं ताट असं अडून बसू नये, एवढंच म्हणतो. पिक्चर संपतो, टीव्ही काळा होतो, आमची दोघांची तोंडं मिटलेली असतात, आन् कधीकधी स्वयंपाकघराकडनं दादा हसतो. आम्ही एकमेकांकडं बघतो. वहिनी म्हणतात, भात वाढू का. मी म्हणतो, वाढा.